नाकं धरण्याचे दिवस

फेब्रुवारी सरत आला की मला माणसं नकोशी होतात. दुपारी अंगाला चिकटायला लागणारं ऊन, सकाळचा उगाच उरलेला गारवा, आणि खिडकीतून आत येणारा तो आंबटगोड, डोकं उठवणारा मोहराचा वास. आमच्या सोसायटीच्या पंपाच्या खोलीमागे आंब्याचं एक झाड अजून उभं आहे. मुलुंडात एके काळी वाड्याच्या वाड्या होत्या आंब्याच्या, त्यातलं हे उरलेलं. त्याला मोहर आला की शेजारपाजारच्या बायका कौतुकाने वर बघतात. कुणाला गाव आठवतं, कुणाला आजोळ, कुणाला चोरलेल्या कैऱ्या. मला नाकं आठवतात. सत्तावीस नाकं. कोरडी, ओली, शेंबडी, गार पडलेली. प्रत्येकाचा स्पर्श वेगळा होता, आणि पंच्याहत्तरी ओलांडली तरी माझ्या डाव्या हाताची दोन बोटं तो विसरत नाहीत.

परवा सूनबाईच्या फोनवर शाळेच्या पालकांची भांडणं चालली होती. माझी नात तिसरीत आहे. तिच्या वर्गातल्या एका मुलीला चारपाच जणी रोज मधल्या सुट्टीत कोपऱ्यात घेतात, तिचा डबा उपडा करतात, तिच्याशी कुणी बोलायचं नाही असं ठरवतात. मुलीच्या आईने लिहिलं, की शाळेने हे थांबवावं. त्यावर एका वडिलांनी उत्तर दिलं होतं की मुलं आहेत, चालायचंच. आम्ही काय कमी मार खाल्ला शाळेत? बिघडलं का आमचं काही? त्याखाली पसंतीच्या उभ्या अंगठ्यांची रांग. सुनेने मला वाचून दाखवलं आणि हसत म्हणाली, "आई, तुमच्या वेळी तर विचारायलाच नको."

मला त्या माणसाचा इतका संताप आला की हातातली वाटी मी ओट्यावर आपटली. बिघडलं का काही, हे मार खाणाऱ्याने सांगायचंच नसतं. त्याला ते कळत नाही, किंवा कळूनही तो कबूल करत नाही. मी शाळेत मार खाल्लेला नाही फारसा. मी दिला आहे. म्हणून मी सांगू शकते.

मी तेव्हा तिसरीत होते. पन्नासचं दशक निम्मं उलटलेलं. मुलुंड म्हणजे तेव्हा आखीव सरळ रस्ते, त्यांच्या कडेला बंगल्या, मधून मधून मोकळे प्लॉट, तबेले, गवताच्या गंज्या, आणि मागे डोंगर. पूर्वेकडे मिठागरं. वाऱ्याची दिशा बदलली की शेणाचा वास जाऊन खाऱ्या चिखलाचा वास यायचा. आमची शाळा एका भाड्याच्या बंगल्यात भरायची. वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मागे अंगण, अंगणात एक चिंच. वर्गात बाकं नव्हती. आपापलं बस्कर घरून आणायचं, पाटी मांडीवर घ्यायची. फाल्गुन लागला की चिंचा गाभुळायच्या आणि वार्षिक परीक्षा जवळ यायची, त्यामुळे माझ्या जिभेवर या दोन्हींची चव एकच आहे.

तिसरीला जे मास्तर होते त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांची नातवंडं कुठेतरी असतील आणि त्यांना आपले आजोबा प्रेमळ आठवत असतील. तसे ते घरी असतीलही. रविवारी आमच्याकडे येऊन माझ्या वडिलांशी पत्ते खेळायचे, तेव्हा माझ्या हातावर खडीसाखर ठेवायचे. फोर्टातल्या कचेरीत कारकून असलेले माझे वडील त्यांना फार मानत. मास्तरांच्या वर्गाचा निकाल शाळेत सगळ्यात चांगला लागे. आणि तो कसा लागे, हे सगळ्या आईबापांना ठाऊक होतं.

सकाळची प्रार्थना झाली की मास्तर आम्हाला भिंतीला पाठ लावून उभं करत. मग पाढ्यांतला एखादा प्रश्न. चौदा सक? पहिल्याला येत नसलं तर दुसरा, दुसऱ्याला नसलं तर तिसरा. ज्याला येईल त्याने पुढे व्हायचं आणि ज्यांना आलं नाही त्या प्रत्येकाचं डाव्या हाताने नाक धरून उजव्या हाताने थोबाडीत द्यायची. मास्तर स्वतः हात लावत नसत. खुर्चीत बसून तपकीर ओढत बघायचे. त्या काळात ही पद्धत कितीतरी शाळांतून होती, आणि अजून ज्यांना ती आठवते ते हसत हसत सांगतात. मला ते हसू सहन होत नाही.

मला पाढे येत. तीसपर्यंतचे, वर पावकी-निमकी. वडील रोज संध्याकाळी घोकून घेत. त्यामुळे पुढे व्हायची वेळ बहुतेक माझ्यावरच येई. पहिल्या दिवशी मी नुसता गालाला हात लावला होता, पुसल्यासारखा. मास्तरांनी मला बोलावलं, माझं नाक धरलं आणि एक दिली. "अशी," ते म्हणाले. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावलं. त्यानंतर मला पुन्हा दाखवावं लागलं नाही.

वाईट याचं वाटतं की मी लवकर शिकले. दिवाळीपर्यंत मला कळून चुकलं होतं की तळवा सपाट ठेवला तर हाताला झिणझिण्या येतात आणि आवाज होत नाही. थोडा पोकळ धरला, आणि गालापेक्षा जरा मागे मारला, तर आवाज मोठा येतो. मोठा आवाज आला की मास्तर शाब्बास म्हणत. मी आठ वर्षांची होते. घरी मी धाकटी, सगळ्यांचं ऐकणारी, आवाज न करता जेवणारी मुलगी होते. आणि शाळेत सत्तावीस मुलं माझा हात वर गेला की डोळे मिटून घेत. मला ते आवडायला लागलं होतं. हे वाक्य लिहायला मला साठपेक्षा जास्त वर्षं लागली. आवडायला लागलं होतं.

दिवाळीनंतर वर्गात इंदू आली. मालवणकडच्या खेड्यातून नुकतीच आलेली, काळीसावळी, खांद्यावरून सारखं घसरणारं मोठ्या मापाचं झंपर. वडील परळला गिरणीत होते, आणि आमच्या घरामागच्या तबेल्याला लागून खोल्यांची जी चाळ होती तिथे त्यांचं बिऱ्हाड होतं. पहिल्या दिवशी मास्तरांनी तिला विचारलं की पाढे येतात का. ती ताठ उभी राहून म्हणाली, "मास्तरांनू, माका येतत."

वर्ग हसला. तसं नवीन मुलाला हसतातच. पण मास्तरही हसले आणि तेच वाक्य त्यांनी तिच्या हेलात, मान वेळावून पुन्हा म्हणून दाखवलं. मग वर्गाला काय, रानच मोकळं मिळालं. त्या दिवसापासून इंदूचं वर्गातलं नाव 'माकायेतत' पडलं. आणि त्या दिवसापासून इंदूने वर्गात तोंड उघडलं नाही. मास्तर प्रश्न विचारत, ती भिंतीला पाठ लावून खाली बघत गप्प राही, आणि माझी पाळी आली की मी तिच्यासमोर जाऊन उभी राही.

तिला पाढे येत होते. हे वर्गात फक्त मला माहीत होतं. आमच्या मोरीमागे कुडाचं कुंपण होतं आणि पलीकडे चाळीचा नळ. संध्याकाळी इंदू तिथे राखेने भांडी घासत बसे आणि घासता घासता पाढे म्हणे, धाकट्या भावाला शिकवायचे म्हणून. एकोणिसाचा सुद्धा, एका दमात, कुठे न अडखळता. मी कुंपणाच्या अलीकडून ऐकत असे. दुसऱ्या दिवशी वर्गात तिचं नाक धरताना मला ते आठवत असे. मी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं मनात आलं नाही असं म्हणाले तर खोटं होईल. आलं होतं. पण ती बोलायला लागली असती तर पुढे होणारी मी एकटीच राहिले नसते.

आणखी एक गोष्ट मला त्या हिवाळ्यात दिसली, जी मोठी माणसं अजून बघायला तयार नाहीत. मी ज्यांना मारत होते त्यांनी मला कधी परत मारलं नाही. मी मास्तरांच्या मर्जीतली, शिवाय त्यांच्या मित्राची मुलगी. मार खाल्लेल्या मुलांचा राग माझ्याकडे वळलाच नाही. तो उतारावरून पाणी जावं तसा खाली गेला, जिथे अडवायला कुणी नव्हतं तिथे. मधल्या सुट्टीत चिंचेखाली दिनू नावाचा एक दांडगा मुलगा 'मास्तर-मास्तर' खेळ मांडायचा. खेळात इंदूला उभं करायचं, तिला तिच्याच हेलात काहीतरी विचारायचं, आणि ती गप्प राहिली की रांगेने एकेकाने तिचं नाक धरायचं. सकाळी तिने माझ्या हातची खाल्लेली असे, दुपारी सगळ्यांच्या. मी त्या खेळात नसायची. मी मागच्या दाराच्या पायरीवर बसून डबा खात असे आणि बघत असे. मला वाटायचं, मी तर काही करत नाहीये.

पौष संपता संपता इंदू कान झाकून बसायला लागली. पदराचा तुकडा असावा तसा एक जुना फडका ती डोक्याला बांधून येई. मास्तरांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

माघात मास्तरांच्या मुलीचं लग्न निघालं, आणि ते तीन आठवड्यांच्या रजेवर गावी गेले. त्यांच्या जागी पहिलीच्या कर्णिक बाईंना आमच्याकडे पाठवलं. बाई तरुण होत्या, कल्याणहून येत. अंगाने किरकोळ, आवाज बसका, आणि उजव्या मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ. आम्हाला त्या अगदीच मिळमिळीत वाटल्या.

पहिल्याच सकाळी त्यांनी पाढा विचारला. चारपाच जणांना आला नाही, मला आला. मी सवयीने उठले आणि रांगेतल्या पहिल्या मुलाचं नाक धरलं. त्याने डोळे मिटले.

बाई खुर्चीतून उठून आल्या. मग त्यांनी विचारलं की मी काय करते आहे. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, कुणी सांगितलं. मी तेही सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. माझं मनगट धरून त्यांनी माझा हात त्या मुलाच्या नाकापासून सोडवला, हळूच, जशी एखाद्या लहान बाळाच्या मुठीतून कात्री काढून घ्यावी. "बस खाली," म्हणाल्या. "माझ्या वर्गात कुणी कुणाला हात लावायचा नाही."

मला त्यांचा राग आला. नुसता राग नाही, द्वेष. मी त्यांच्याबद्दल मनात काय काय वाईट इच्छिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझं काहीतरी काढून घेतलं होतं त्यांनी, आणि बदल्यात दिलं काय, तर ज्याला येतं त्याने ज्याला येत नाही त्याच्या शेजारी बसून शिकवायचं. मला दिनू आला वाट्याला. मी त्याला मुद्दाम चुकीचं सांगत असे.

पण बाई चिवट होत्या. मधल्या सुट्टीत त्या शिक्षकांच्या खोलीत गेल्या नाहीत. डबा घेऊन चिंचेच्या पारावर येऊन बसल्या. रोज. बाकी काही केलं नाही. पोळीभाजी खात बसायच्या, आणि बघायच्या. दिनूचा खेळ पहिल्या दिवशी निम्म्यात मोडला, दुसऱ्या दिवशी मांडलाच गेला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच मुलांनी बाईंना विचारून लंगडी सुरू केली. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. तीन महिने चाललेली गोष्ट एका मोठ्या माणसाच्या नुसत्या बसण्याने थांबली. त्यानंतर मी जन्मभर लोकांना म्हणताना ऐकत आले की मुलांचं मुलं बघून घेतात. काही बघून घेत नाहीत. बघणारं कुणी नसलं की मुलं काय करतात, ते मी केलेलं आहे.

बाईंनी आणखी एक सांगितलं होतं, सगळ्यांना, की कुणी मारलं, कुणी चिडवलं तर येऊन सांगायचं. दिनू म्हणाला, ती चहाडी होते. बाई म्हणाल्या, दुसऱ्याला मार बसावा म्हणून सांगितलं तर ती चहाडी. मार थांबावा म्हणून सांगितलं तर नाही. तरी इंदू काही सांगायला गेली नाही.

दुसऱ्या आठवड्यात बाई शुद्धलेखन घालत होत्या. त्या वर्गात फेऱ्या घालत वाक्य सांगत. त्यांच्या लक्षात आलं की त्या एका बाजूला असल्या की इंदू भरभर लिहिते आणि दुसऱ्या बाजूला गेल्या की तिची पेन्सिल थांबते. तास संपल्यावर म्हणाल्या की आपण एक गंमत करू. एकेकाने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, डोळे मिटायचे, मी मागून कानाशी घड्याळ धरीन, टिकटिक ऐकू आली की हात वर करायचा. आधी एक कान, मग दुसरा. सगळ्यांना मजा वाटली. माझ्याही दोन्ही कानांशी ते घड्याळ आलं. बारीक, कोरडी टिकटिक.

इंदूच्या उजव्या कानाशी धरलं तेव्हा तिचा हात लगेच वर गेला. मग बाईंनी ते डाव्या कानाशी नेलं. इंदू उभी. डोळे मिटलेले, चेहरा उत्सुक. बाईंनी घड्याळ अगदी कानाला टेकवलं. इंदू वाट बघत होती. मग, महिन्यांनंतर पहिल्यांदाच, ती वर्गात बोलली.

"बाईंनू," ती म्हणाली, "लावा ना."

कुणीतरी हसलं आणि आपोआप गप्प झालं. डावा कान. माझा उजवा हात. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, आणि मी माझा हात बस्कराखाली घातला.

त्या संध्याकाळी बाई चाळीत इंदूच्या आईला भेटल्या आणि मग आमच्या घरी आल्या. आईने चहा केला. मी मोरीच्या दाराआड उभी होते. बाईंनी सगळं सांगितलं. मोठ्या गुरुजींकडे, म्हणजे मुख्याध्यापकांकडे, त्या आधीच जाऊन आल्या होत्या. गुरुजींनी त्यांना म्हटलं होतं की परीक्षा तोंडावर आहे, मास्तरांचा निकाल चांगला लागतो, पालकांची तक्रार नाही, तुम्ही कशाला नसती उठाठेव करता. म्हणून त्या पालकांकडे आल्या होत्या, तक्रार मागायला.

माझे वडील शांत माणूस. ते शांतपणेच म्हणाले, "अहो बाई, मास्तरांनी सांगितलं, पोरीने ऐकलं. यात तिचा काय दोष?"

"दोष नाही म्हणत मी," बाई म्हणाल्या. "तिला सवय लागलीय, एवढंच म्हणते. ती तुम्ही मोडा. शाळा मोडणार नाही."

वडिलांनी बघतो म्हटलं. बाई गेल्यावर ते आईला म्हणाले की बाईमाणसाच्या हाती वर्ग दिला की हे असं होतं, जरा कुणाला खरचटलं की घरोघर हिंडतात. रविवारी पत्त्यांच्या वेळी मास्तरांना सांगून ठेवलं पाहिजे, असंही म्हणाले. आईने कपबशा उचलल्या. माझ्याकडे तिने एकदा बघितलं, आणि मला वाटलं ती काही बोलेल. ती माझ्या बाजूने मोरीत गेली आणि कपबशा विसळायला लागली. मी वडिलांवर पुढे फार प्रेम केलं, त्यांच्या शेवटच्या आजारात त्यांचं सगळं मी केलं. पण त्या संध्याकाळबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही, आणि करणार नाही.

होळीसाठी मुलं दारोदार गोवऱ्या आणि लाकडं मागत फिरत होती, त्या दिवसांत मास्तर परत आले. बाई पहिलीला परत गेल्या. मास्तरांच्या कानावर सगळं गेलेलं होतंच. सकाळी त्यांनी आम्हाला भिंतीला लावून उभं केलं आणि म्हणाले, फार लाड झाले म्हणे तुमचे. मग माझ्याकडे वळले. मी रांगेत पहिली होते.

"एकोणीस पंचे?"

मला येत होतं. जिभेवर होतं. पण मला एकदम त्या कानाशी धरलेलं घड्याळ दिसलं, आणि मला वाटलं की उत्तरं द्यायला लागले की आज ना उद्या मला पुन्हा त्या कानाजवळ हात न्यावा लागणार. मी म्हटलं, येत नाही. हा चांगुलपणा नव्हता. भीती होती. पुष्कळदा लोक मला या प्रसंगाबद्दल शाबासकी द्यायला जातात, म्हणून हे स्पष्ट सांगते.

मास्तरांचा विश्वास बसला नाही. पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मग त्यांनी पुढच्याला विचारलं, त्याच्या पुढच्याला. कुणालाच येईना. काहींना खरंच येत नव्हतं. काहींना तीन आठवड्यांत आलं असेलही, मला ठाऊक नाही. रांग सरकत शेवटाला गेली. शेवटी इंदू होती. मास्तर तिला विचारणारसुद्धा नव्हते. त्यांचा हात तपकिरीच्या डबीकडे गेला होता.

"एकोणीस पंचे पंच्याण्णव," इंदू म्हणाली. स्वच्छ, शुद्ध, पुस्तकातल्यासारखं.

मास्तरांनी डबी खाली ठेवली. मग हसून म्हणाले, "चल तर. पहिल्यापासून."

ती रांगेच्या टोकावरून चालत माझ्यापाशी आली. तिच्या हातांना राखेचा वास होता. मला वाटलं, ही मारणार नाही. खरंच वाटलं. तिला ठाऊक आहे की ते कसं असतं, म्हणून ती नुसता हात लावील आणि पुढे जाईल. दुबळ्याबद्दल आपण मनात असलं काहीतरी धरून चालतो, कारण ते आपल्या सोयीचं असतं. तिने माझं नाक धरलं. घट्ट, मी धरायची तसंच. आणि मारलं. पोकळ तळव्याने, गालाच्या जरा मागे.

माझ्या कानात जे वाजलं ते बराच वेळ थांबलं नाही. त्या आवाजातून मी बाकीचं बघितलं. ती दुसऱ्याकडे गेली, तिसऱ्याकडे गेली. दिनूपाशी थोडी थांबली आणि त्याला दोन दिल्या. मास्तरांनी चालवून घेतलं. सहासात मुलांनंतर तिच्या तोंडावर काहीतरी यायला लागलं. ओठ आत ओढलेले, डोळे चमकणारे, नाकपुड्या फुललेल्या. ते काय होतं ते मी ओळखलं. माझ्या आत ते रोज व्हायचं. बाहेरून कसं दिसतं ते मी पहिल्यांदा बघत होते. आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडावर ते असू नये. रांग संपली तेव्हा मास्तर म्हणाले, शाब्बास. आणि इंदू हसली.

पडवीत कर्णिक बाई उभ्या होत्या. पहिलीची मुलं घेऊन चालल्या असाव्यात. त्यांनी दारातून हे सगळं बघितलं की शेवटचं तेवढं, ते मला कधी कळलं नाही. त्यांच्या हाताशी पाचसहा लहान मुलं होती. त्यांनी मुलांची तोंडं आपल्याकडे वळवली आणि त्यांना घेऊन त्या निघून गेल्या. उन्हाळ्यानंतर त्या आमच्या शाळेत आल्या नाहीत.

परीक्षेपर्यंतचे दिवस तसेच गेले; कधी ती पुढे झाली, कधी दुसरं कुणी. मी परत कधी पाढा सांगितला नाही, त्यामुळे रोज खाल्ली. इंदूला आता कुणी 'माकायेतत' म्हणत नव्हतं. चिंचेखाली खेळ पुन्हा सुरू झाला, आणि आता त्यात मधे उभं करायला दुसरीतली एक मुलगी सापडली होती. इंदू त्या रांगेत असे. हे मी तिच्यावर दोष ठेवायला सांगत नाही. शाळेने आम्हा दोघींना जे शिकवलं ते दोघींनी चांगलं शिकून घेतलं, एवढंच.

निकालाच्या दिवशी इंदू आली नाही. मास्तरांनी तिचं प्रगतिपुस्तक माझ्या हातात दिलं, जवळ राहतेस म्हणून. वाटेत मी ते उघडून बघितलं. गणितात तिला पैकीच्या पैकी गुण होते.

चाळीतल्या त्या खोलीत मी पहिल्यांदाच गेले. तबेल्याच्या भिंतीला लागून असल्यामुळे आत अंधार होता आणि म्हशींच्या श्वासाचा आवाज स्पष्ट येत होता. इंदूची आई चुलीपुढे बसली होती. मी प्रगतिपुस्तक पुढे केलं आणि इंदू कुठे आहे ते विचारलं. तिने हात पुसून ते दोन्ही हातांत धरलं, उलटं, आणि देवाच्या फळीवर ठेवलं. इंदूला बापाने गावी नेऊन ठेवलं होतं. कान सारखा वाहत होता, इथल्या डॉक्टरने पडदा फाटल्याचं सांगितलं होतं. गावाला कुणी वैद्य होता, त्याच्याकडे औषध चालू करणार होते. आता तिथेच आजीपाशी राहील, आईने सांगितलं, शाळेचं मग बघू.

"कोणी मारल्यान ता काय सांगना नाय," ती म्हणाली. "कितींदा इचारलंय. त्या बाईंनीय नाव सांगूक नाय."

मी दारातच उभी होते. माझा हात चौकटीवर होता. तो मी खाली घेतला. तेव्हा सांगता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं, की मी. पुढे नवऱ्याला सांगितलं, मुलांना सांगितलं, आता तुम्हाला सांगते आहे. सगळं त्या एका शब्दाच्या बदली.

तिने मला बसायला पाट दिला. शिंकाळ्यातून वाडगा काढला, त्यात उकडलेल्या फणसाच्या आठळ्या होत्या, मीठ लावलेल्या. मूठभर माझ्या ओंजळीत घातल्या.

"तू तिची मैत्रीण काय गो?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. ती माझ्याकडे बघून हसली आणि खा म्हणाली. मी तिच्यासमोर बसून, साली सोलून, एकेक करून सगळ्या आठळ्या खाल्ल्या.